शेवटचं अक्षर

"ग्लायकोन कुठाय?" दुकानात पाऊल टाकताच मेनोफिलोसनं विचारलं. त्याच्या हातात टोपली होती. "आजाऱ्याला अंजिरं आणलीत."

"वर निजलेत, भाऊजी. ताप हटत नाही." आपला आवाज कापला नाही, याचं तातियालाच नवल वाटलं.

वर कुणीच नव्हतं. ग्लायकोन हिवाळ्यात स्मिर्नाला गेला आणि तिथंच तापानं गेला. एका खेचरवाल्यानं तिला गुपचूप येऊन सांगितलं. तिनं गावात ताकास तूर लागू दिली नाही. गावच्या काशाच्या नाण्यांचे ठसे कोरायचं काम गेलं, की छिन्न्या सख्ख्या दिराच्या घरी आणि ती दिराच्या चुलीपाशी.

म्हणून यंदाचा ठसा तिनंच कोरला होता. वीस वर्षं नवऱ्याशेजारी बसली होती. हात काय नुसते पीठ मळायला नव्हते.

टाकसाळीचा कारभारी मेनोफिलोस ग्लायकोनचा लंगोटीयार, पण कामात सख्ख्या भावालाही सोडणारा नव्हता. त्यानं ठशावर मेण दाबून उचललं. डोक्यावर तटबंदीचा मुकुट घातलेली ग्रामदेवता उमटली, भोवती गावाचं नाव. ठशात सगळं उलटं कोरावं तेव्हा नाण्यावर सुलटं येतं. एकूण एक अक्षर सुलटं आलं होतं. बिचाऱ्या ग्लायकोनला हे जन्मात जमलं नव्हतं, या विचारानं तिला हसू आलं आणि लगेच रडूही.

मेनोफिलोस शेवटच्या अक्षरावरून अंगठा फिरवत राहिला.

"मी जरा वर जाऊन येतो."

"नको! वैद्यांनी बोलायची मनाई केलीय."

"बोलत नाही. नुसता बघेन."

तो जिन्याशी गेला. तातिया आडवी उभी राहिली. संपलं सगळं, तिला वाटलं.

पण तो पहिल्याच पायरीवर मटकन बसला. मग नाक शिंकरून म्हणाला, "हात चांगलाय. पुढची तीन वर्षं ठसे याच दुकानातून येतील."

"यांच्याच नावावर?"

"त्याच्याच."

तिचा जीव भांड्यात पडला. मेनोफिलोस निघाला. टोपली मात्र तिथंच राहिली.

"भाऊजी, तुमची टोपली—"

तो दारात वळला.

"अंजिरं तुम्हीच खा, वहिनी. आणि ठसा परत कोरा. नाण्यावर शेवटचं अक्षर उलटंच उमटू दे. वीस वर्षं गावानं तसंच पाहिलंय. सुलटं दिसलं, तर ग्लायकोन गेला हे माझ्यासारखंच सगळ्यांना कळेल."