कागदोपत्री तंदुरुस्त

सदू लॅबमध्ये शिरला तेव्हा निकेश समोर उभ्या केलेल्या टेम्पोत मान खाली घालून बसला होता. आत निकेशचीच तपासणी चालली होती.

त्याचा नाइलाज होता. थोरल्या भावाने, मितेशने, त्याला कायमचं तिकडे बोलावताना न्यूझीलंडहून बजावलं होतं, "इथलं सरकार आजारी माणूस घेत नाही. दवाखान्याचा खर्च त्यांच्या डोक्यावर बसतो ना! रिपोर्टात एवढीशी खोट निघाली तरी तुझं येणं रद्द." आणि निकेशला सहा वर्षं साखर होती. बायको प्राप्ती आणि आता सदू सोडला तर ते कोणाला ठाऊक नव्हतं, कारण गावात साखर कळली की पंगतीत लोक ताटातला लाडू उचलून नेतात.

रस्त्याकडेला कांदे विकणारा चुलतभाऊ सदू त्याच्याच वयाचा. तेच घराण्याचं नाक, आणि आजवर तापाची गोळीसुद्धा न खाल्लेला. राहता राहिलं आधारकार्ड. त्यावरचा फोटो दोघांपैकी कोणाचाही चालला असता, प्रसंगी तिसऱ्याचाही.

दोन तासांनी सदू दंड चोळत बाहेर आला.

"सात बाटल्या रगत काढलं रं! वर पोटाला काय थंडगार लावून अर्धा तास यंत्र फिरवत होते. तुला तिकडं टेम्पो चालवायचाय का कुस्ती मारायचीय?"

"नियम कडक हाय तिकडला."

"मंग प्राप्तीची तपासणी?"

"तिची नंतर. दादा बोलला, आधी तू एकटा ये."

"आणि ही लॅब पण दादानंच शोधली? सरकारनं न्हाय?"

"बरं हाय की! सरकारच्या लॅबात तू गावला असतास."

सदूला ते पटलं.

रिपोर्ट थेट मितेशकडे गेला. आठवड्याने त्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा सुजल्यासारखा दिसत होता. "तिकडचं लोणी," प्राप्ती निकेशच्या कानात पुटपुटली. मितेशचे डोळे मात्र भरून आले होते.

"निक्या, एक नंबर रिपोर्ट! आता जप स्वतःला. दारू बंद. बाईकवर बसू नको. साधी शिंक आली तरी मला कळव."

दहा वर्षांत दिवाळीलाही फोन न करणारा भाऊ आता रोज फोन करून, पाणी किती प्यालास, ते विचारू लागला. परदेशात राहून माणूस सुधारतो, असं निकेशचं मत झालं. प्राप्तीचं झालं नाही.

"आत्ताच एवढा जीव लावायला काय झालंय भावजींना?"

"सख्खा भाऊ हाय. दृष्ट लावू नको."

व्हिसा पाहुण्याचा आला. राहण्याचा परवाना इथे पोचलास की काढू, असं मितेश म्हणाला. निकेशने टेम्पो विकला, साखरेच्या गोळ्या मोज्यात लपवल्या आणि गावाला जेवण घातलं. आता परत यायला तोंड उरलं नव्हतं.

ऑकलंडच्या विमानतळावर मितेश त्याला घ्यायला आला तो चाकाच्या खुर्चीत बसून. त्याने निकेशला असं धरलं की सोडेचना.

"रागावू नको, निक्या. फोनवर सांगितलं असतं तर तू आला नसतास. दोन वर्षं वाट बघतोय, कोणाचीच जुळेना. आता दिवसही फार उरले नाहीत. पण तुझा रिपोर्ट बघितला आणि डॉक्टर म्हणाले, ह्याची किडनी तुम्हाला अगदी जुळते."

ती किडनी त्या वेळी अलिबागच्या रस्त्याकडेला बसून पांढऱ्या कांद्याच्या माळा विकत होती.