शाई निघेना

मतदान संपल्यापासून मीरवैसच्या तोंडाला उसंत नव्हती. काबूलवाल्यांनी अध्यक्षपद चोरलं, खोट्या मतांनी पेट्या भरल्या, असं तो पाहुण्यांसमोर हिरवा चहा ढोसत ओरडत होता.

आत त्याची आई तोरपेकई राखेने बोट घासत होती. केंद्रावरच्या माणसाने आधी तिचं बोट शाईत बुडवलं आणि मग सांगितलं, "अम्मा, तुमचं मत पडलंय. घरातल्या बायकांची कार्डं तुमचा मुलगा सकाळीच घेऊन आला होता." बायकांच्या कार्डावर फोटो नसतो, आणि तो माणूस मीरवैसच्या ओळखीचा. मीरवैसचं बोट त्याने कोरंच ठेवलं होतं.

तेवढ्यात निरोप आला. खिंडीपलीकडे लेकीला, पलवशाला, कळा सुरू झाल्या होत्या आणि पहिलटकरीण आईला हाका मारत होती. खिंडीत मतदानाला विरोध करणारे बंदूकवाले गाड्या अडवून शाईची बोटं छाटत होते.

"आई, तू नको जाऊस," मीरवैस म्हणाला. "बायामाणसांनी मतदानाला जावंच कशाला?"

तोरपेकई पाहुण्यांसमोर येऊन उभी राहिली.

"बरोबर आहे, तूच जा. माझ्या नावाने मत टाकलंस ना? आता माझ्या नावाने लेकीचं बाळंतपणही करून ये."