फळ्यावरचा बिल्ला

“पोरी, यांच्या हातात बिल्ला देऊ नकोस,” म्हाताऱ्या होबार्टची बायको वृद्धाश्रमातल्या केंड्राला म्हणाली होती. “खाणीत फळ्यावर बिल्ला राहिला, की माणूस आत राहिला.” केंड्रा हसली. “आजी, खेळच आहे!” तिथल्या विसराळू, निवृत्त खाणकामगारांसाठी तिने तो आखला होता: हॉलमध्ये येताना पितळी बिल्ला फळ्यावर लावायचा, जाताना काढायचा. होबार्ट खुलला, चक्क आपल्या हाताने जेवू लागला. मग एका दुपारी खेळ चालू असतानाच केंड्राला पाळणाघरातून फोन आला: तुमचं बाळ तापलंय. फळा न तपासता ती तशीच धावली. हॉल रिकामा झाला तरी एक बिल्ला लटकत राहिला. “कुणीतरी आत राहिलंय!” एकेकाळी खाणीत मुकादम असलेला होबार्ट ओरडत होता. “सगळे वर आलेत, मुकादम! गुपचूप सूप प्या,” मदतनीस म्हणाली. आत राहिलेल्याला शोधायला तो सपाता घालूनच बर्फात निघाला. बंद खाणीच्या तोंडाशी सापडला, गोठून मेलेला. फळ्यावर राहिलेला बिल्ला त्याचाच होता. तेव्हापासून केंड्रा सगळ्यांना विनवते, तुम्हालाही: घरात असं विसराळू कुणी असेल, तर आत्ताच डोकावून या.