चढावरचा ब्रेक

“पुढे खड्डा आहे,” बाई म्हणाल्या आणि मागच्या सीटवर ब्रेकसरांचा उजवा पाय खाडकन खाली गेला.

ब्रेक लागला नाही. लागणार कुठून? पायाखाली सायकलचं पायडल होतं. पण ब्रेकसरांनी तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं आणि आपल्या बाजूला बसवून घेतलेला जादा ब्रेक आणि क्लच दाबायचा, यात त्या पायांची हयात गेली होती. त्यांना आता कोण समजावणार? बसने कुठे निघाले तरी ते समोरच्या सीटखालची फळी दाबत बसायचे आणि उतरेपर्यंत दमून जायचे.

दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला. उजेड आणि सावल्या तेवढ्या उरल्या. लायसन्स गेलं, स्कूल बंद झालं. अर्ध्या गावाला स्टिअरिंग धरायला शिकवलेला माणूस खिडकीशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसू लागला. शेवटी बाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, ही जोडसायकल आणली. सीट दोन, पायडलच्या जोड्या दोन, हँडल मात्र एकच. ते बाईंच्या हातात, हाताचे ब्रेकही त्यांच्याच हातात. कालव्याच्या काठाने गाड्यांना बंदी असलेला रस्ता होता. सपाट, मोकळा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला शेतं.

सपाट होता तो टेकडीपर्यंत. तिथे कालवा बोगद्यात शिरायचा आणि रस्ता टेकडीवर चढायचा. गेले तीन रविवार अर्ध्या चढावर सायकल डगमगली होती आणि दोघांना उतरून ती ढकलावी लागली होती. बाईंचे पाय शिलाई मशीनवर तयार झालेले, पण दोन माणसांचं ओझं त्या तरी किती ओढणार? ब्रेकसरांचे पाय नुसते पायडलवर ठेवलेले असायचे. बाईंनी रेटलं की तेही गोल गोल फिरायचे. आपण बसलो नाही आहोत, आपल्याला लादलंय, असं त्यांना दर रविवारी वाटायचं. आज निघताना त्यांनी सांगून टाकलं होतं, “आज उतरावं लागलं तर सायकल दुकानदाराला परत. संध्याकाळी त्याला बोलावलंय मी.”

ते घरात बसले की कसे असतात, हे बाईंइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि आता चढ लागला होता.

“फांदी पडलीय वाटेत.”

उजवा पाय खाली. ब्रेक लागेना, म्हणून सवयीने डावा पाय क्लचवर. तोही खाली. मग पुन्हा उजवा, आणखी जोरात.

“रस्ता आहे की अडगळीची खोली?” ब्रेकसर वैतागले. “गाड्या नाहीत म्हणे. यापेक्षा गाड्या परवडल्या. निदान हॉर्न तरी वाजवतात.”

“दगड आहे मोठा. सांभाळा.”

“मी काय सांभाळू? हँडल तुझ्याकडे आहे.”

पाय मात्र सांभाळत होते. उजवा, डावा, उजवा. शर्ट पाठीला चिकटला होता. पोटऱ्या पेटल्या होत्या. समोरचं दिसत नाही, ब्रेक लागत नाही आणि बायको एकेक संकट जाहीर करतेय. असला छळ त्यांनी शिकाऊ पोरांच्या हातूनसुद्धा सोसला नव्हता.

“अहो, कुत्रं. ऐन मध्यात झोपलंय. उठत पण नाहीये.”

ब्रेकसरांनी दोन्ही पायांनी होता नव्हता तेवढा जोर लावला. सायकलने एक गचका घेतला. मग अचानक पायांवरचा भार गेला, तोंडावर वारा आला आणि बाईंनी कचकन हाताचा ब्रेक दाबला.

“उतरा,” त्या म्हणाल्या.

झालं. याही रविवारी तेच. ब्रेकसर मान खाली घालून उतरले. शेजारी खराट्याचा आवाज येत होता, म्हणजे हा रस्ता झाडणारा असणार. सगळा राग त्यांनी त्याच्यावर काढला.

“काय हो, झाडता की झोपा काढता? खड्डे, फांद्या, धोंडे. वर कुत्री झोपलेली. माणसाने चढायचं कसं?”

“कसली कुत्री?” झाडणारा दुखावला. “पहाटेपासून खालून वरपर्यंत झाडत आलोय मी. पान ठेवलं नाहीये वाटेत. आणि चढायचं कसं म्हणजे? चढून आलात की. माथ्यावर उभे आहात तुम्ही.”

ब्रेकसरांनी हात पसरला. वारा चारी बाजूंनी येत होता. त्यांनी बायकोच्या सावलीकडे तोंड वळवलं.

“खड्डा?”

“नव्हता,” बाई म्हणाल्या. त्यांचा दम अजून बसला नव्हता. “मागच्या रविवारी सपाटीला समोरून एक सायकलवाला आला, आठवतंय? तुम्ही घाबरून ब्रेक दाबलात आणि आपण सुसाट सुटलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं. नुसतं ‘पाय मारा’ म्हटलं असतं, तर मारले असते तुम्ही?”

ब्रेकसरांना राग आला होता आणि तो अगदी खरा होता. आंधळेपणाचा इतका उघड फायदा आजवर कुणी घेतला नव्हता. पण मांड्या थरथरत होत्या, नुसतं ओझं होऊन बसलेल्याच्या मांड्या अशा थरथरत नाहीत, हेही त्यांना कळत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा ते कुणालातरी कुठेतरी घेऊन आले होते.

“दुकानदाराला काय सांगू?” बाईंनी हळूच विचारलं.

ब्रेकसरांनी चाचपत मागची सीट शोधली आणि टांग टाकली.

“बस पुढे,” ते खेकसले. “आणि उतारावर कुत्री झोपवू नकोस.”