सातची आरती

सात वाजत आले तरी मठाकडून आरतीचं थेट चित्र येईना. विजयमालाने मठातल्या कॅमेरावाल्याला पुन्हा फोन लावला. तो उलट तिच्यावरच करवादला, "मॅडम, हितलं नेटच गेलंय. मी काय करू, सांगा की!"

मग तिने नेहमीचीच वाट धरली. कॉम्प्युटरवरच्या प्लेलिस्टमध्ये सातच्या ओळीत कालच्या आरतीची क्लिप ओढून टाकली. त्या ओळीला 'थेट प्रक्षेपण' ही लाल पट्टी आपोआप लागते. काढायची तर एक क्लिक पुरते. पण कोण काढतंय? सोलापूरच्या त्या छोट्याशा केबल वाहिनीवर हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. देव तोच, पुजारी तोच, आरतीही तीच, कुणाच्या बापाचं काय जातंय, असं मालक चन्नवीरअण्णा म्हणायचे आणि विजयमाला हसून मान डोलवायची.

आरती सुरू झाली. खालून निवेदन सरकत होतं. 'वीरभद्रप्पा, राहणार जुळे सोलापूर, सकाळपासून घरातून बेपत्ता. वय झाल्याने विसरतात. कुणास दिसल्यास कळवावे.' हे निवेदन दुपारी विजयमालानेच टाइप केलं होतं, आणि पुढच्या कामाला लागून ती ते विसरूनही गेली होती. तिने चहाचा कप उचलला तोच फोन वाजला.

"ताई, सापडले! मी सिद्धेश्वरी, दुपारी सासऱ्यांचं निवेदन द्यायला आलते की, ती!"

"हो का? कुठे सापडले?"

"अवो, तुमच्याच टीव्हीवर! आत्ता आरतीत म्होरंच उबे हायेत, हात जोडून. सकाळी मठात बगून आलो तवा नव्हते. ह्यांना लगेच फोन केला. हे आन् भावजी वळसंगच्या रस्त्यानं शोधत निघाले हुते. गावाकडं जातो, गावाकडं जातो म्हनत हुते ना मामा सारखं. त्यांना अर्ध्यातनं माघारी फिरवलं, मठात जावा म्हनलं. तुमचे लई उपकार झाले बगा."

विजयमालाने पडद्याकडे पाहिलं. पहिल्याच रांगेत डोक्याला रुमाल बांधलेला म्हातारा डोळे मिटून उभा होता. खालून त्याचंच नाव सरकत होतं.

"बरं झालं हं," तिच्या तोंडून निघून गेलं, आणि फोन ठेवल्यावर तिची नजर प्लेलिस्टमधल्या कालच्या तारखेवर गेली. बरं झालं म्हणे! बरं काय झालं होतं त्यात?

चन्नवीरअण्णा आत आले. "काय गं, तोंड का उतरलंय?"

तिने सगळं सांगितलं. अण्णांनी आधी दार लोटून घेतलं.

"गप बस. मठात गेले की कळंल त्यांना. गर्दीत चुकामूक झाली म्हनतील. तू कशाला बोलायलीस मधी? थेट न्हवतं हे मठवाल्यांच्या कानावर गेलं, तर दारात तरी उबं करतील का आपल्याला? आन् उद्या विचारलं, क्लिप कुनी लावली, तर?"

"मीच लावली," विजयमाला म्हणाली.

तेच तर तिला खात होतं. अण्णांच्या सांगण्याने लावली असती तर निदान त्यांच्यावर चिडता तरी आलं असतं. बाहेर अंधार पडला होता. या वेळी वळसंगच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर असतात, निम्म्यांना मागे दिवा नसतो. त्या रस्त्याच्या कडेने एक म्हातारा गावाकडे चाललेला असेल, आणि त्याची दोन्ही मुलं त्याच्याकडे पाठ करून, खुशीत, शहराकडे यायला लागली असतील. एका क्लिकचा आळस तिने केला होता. स्वतःची इतकी लाज तिला कधी वाटली नव्हती.

तिने लाल पट्टी काढली. "काय करायलीस?" अण्णा ओरडले, पण तोवर तिने फोन लावलाही होता.

"सिद्धेश्वरीताई, ते चित्र कालचं आहे. आज मठातून काहीच आलं नाही. मी कालची आरती लावली, आणि वर थेट लिहिलेलं तसंच ठेवलं. मामा मठात नाहीत. मघाशीच सांगायला हवं होतं, माझी जीभ उचलली नाही."

पलीकडे दुसऱ्या फोनवर नवऱ्याला सांगणाऱ्या सिद्धेश्वरीचा टाहो ऐकू आला, "अवो, मागं फिरा! वळसंगकडंच जावा! कालचं हाय त्ये, कालचं!" मग ती पुन्हा विजयमालाशी बोलायला आली. तिचा आवाज फुटला होता. "मानसाची काय किंमत हाय का न्हाय तुमाला? आत्ताशी कुटं सासूबाई पानी प्याल्या वो. आता त्यास्नी काय सांगू? घ्या, तुमीच सांगा!"

फोन म्हातारीच्या हातात गेला. मागे टीव्हीवर वाजणारी आपलीच आरती विजयमालाला ऐकू येत होती. इकडे प्लेलिस्टमध्ये क्लिप संपत आली होती आणि खाली साड्यांच्या दुकानाची जाहिरात तयार उभी होती.

"मी पार्वतम्मा," म्हातारी म्हणाली. "हे कालचे हायेत म्हनं?"

"व्हय, आज्जी. चुकलं माझं. माफ करा."

"कालचे तर कालचे. आजचे घावंस्तवर त्यास्नी टीव्हीवरनं काडू नगंस, बाई."