खंडेनवमीला उचललेला पाना

"आज पान्याला हात लावायचा नसतो," मेस्त्रीकाका म्हणाले. खंडेनवमी होती. पाटावर पाने, पक्कड, हातोडी, सगळ्यांवर हळदकुंकू आणि झेंडू.

"काका, वाळूवरच्या गाडीचा, एटीव्हीचा, बेल्ट तुटलाय. किनाऱ्यावर सुट्टीची गर्दी आहे. कुणी बुडायला लागलं तर मी जीवरक्षक तीन किलोमीटर वाळूतून पळत जाऊ?"

पाटाला नमस्कार करून त्यांनी फुलं बाजूला केली आणि दहा नंबरचा पाना उचलला. अर्ध्या तासात नवा बेल्ट बसला.

दुपारी पार लांबच्या टोकाला दोन बहिणींना पाण्यातून ओढून काढलं, त्याच गाडीवरून दवाखान्यात पोचवलं. दोघी वाचल्या.

संध्याकाळी गेलो तेव्हा काका पाने पुसून परत मांडत होते. "पूजा मोडली रे," म्हणाले.

मी त्यांचे ग्रीसने काळे झालेले हात पाटावर ठेवले आणि झेंडू वाहिला.