शाळेचा गजर

बेघरांना खोली देणाऱ्या सरकारी कचेरीत सगळे गप्प बसले असताना तिच्या गाठोड्यातलं गजराचं घड्याळ खणखणून वाजलं. घर कालच गेलं होतं. लेकीच्या शाळेचा गजर तेवढा बंद करायचा राहिला होता. तिने ओशाळून घड्याळ काढलं, बटण दाबलं आणि लेकीच्या हातात दिलं.

“असू द्या हो ताई, निदान इथे कुणीतरी वेळेवर आहे,” कारकून हसला. मग खाली बघत म्हणाला, “पण तुमचं कठीण दिसतंय. आता नवं धोरण आलंय. घर जायच्या आधीच माणसाला सावरायचं. तुम्ही घर होतं तेव्हाच यायला हवं होतं.”

“आले होते की, साहेब! गेल्याच महिन्यात. तुम्हीच म्हणालात, डोक्यावर छप्पर आहे तोवर काही करता येत नाही, रस्त्यावर आलात की या.”

“तेव्हा तसंच होतं हो.” आणि ते खरंही होतं.

“मग रस्त्यावर आलेल्यांना लगेच खोली द्यायचं धोरण कधी?”

“ते पुढच्या वर्षी.”

तिने गाठोड्याची गाठ पुन्हा आवळली. घड्याळ पोटाशी धरून लेकीने विचारलं, “आई, मग आज आपण लवकर आलो की उशिरा?”